फ्लोराइडचे पाणी : दोष खडकाचा की व्यवस्थेचा?

(व्याख्यानाचा मजकूर)

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण भारताच्या सार्वजनिक आरोग्यात जी थोडी निर्विवाद यशस्वी कामे झाली, त्यांत हापशाचे स्थान फार वरचे आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडक वेधणारी यंत्रे या देशात आली आणि १९७२ च्या दुष्काळात तर 'बोअर' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मराठीच होऊन गेला. आज 'इंडिया मार्क दोन' या नावाने जगातील अनेक गरीब देशांत जो हातपंप ओळखला जातो, त्याचे मूळही याच मातीतले आहे. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कार्यकर्त्यांनी व स्थानिक कारागिरांनी जो दणकट पंप घडविला, त्याच्याच धर्तीवर सत्तरीच्या दशकात हा नवा पंप उभा राहिला.

या हापशाने काय केले याची आठवण नव्या पिढीला राहिलेली नाही. पायऱ्यांच्या विहिरीत गुडघाभर पाण्यात उतरून घागर भरणे आणि त्याच पाण्यातून नारूचे बीज पोटात घेणे, हा राजस्थानपासून मराठवाड्यापर्यंतच्या गरीब माणसाचा शतकानुशतकांचा भोग होता. देशातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पटकी आणि हगवण यांचा जोरही झाकलेल्या पाण्याने ओसरला. तेव्हा पुढे जी टीका करावयाची आहे, ती हापशाविरुद्ध नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

परंतु प्रत्येक जमाखर्चाला दुसरी बाजू असते. उघड्या आडातील पाणी जंतूंनी भरलेले होते, पण ते बहुधा अलीकडच्या पावसाचे पाणी होते. बोअर जसजसा खाली गेला, तसतसे अशा पाण्याला हात घातला गेला की जे वर्षानुवर्षे खडकाच्या भेगांतून मुरत, खडकाला धूत बसलेले होते. त्यात जंतू नव्हते, खडक होता. ज्या प्रदेशात त्या खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे होती, तेथे लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले, मग तरुणांचे सांधे आखडले आणि चाळिशीतली माणसे कमरेत वाकली. जंतूंच्या पाण्याकडून रसायनांच्या पाण्याकडे झालेले हे स्थलांतर कोणी मुद्दाम घडविले नाही. मात्र ते घडल्याचे कळल्यानंतर काय केले गेले, हा प्रश्न निसर्गाला विचारता येणार नाही. तो समाजाला आणि शासनालाच विचारावा लागेल.

खडक काय करतो

ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या जुन्या खडकांत फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक यांसारखी खनिजे असतात. त्यांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. पाणी खडकाच्या संगतीत जितका काळ राहील, तितके ते अधिक उतरते. म्हणून सामान्यतः खोल बोअरचे पाणी उथळ विहिरीच्या पाण्यापेक्षा अधिक संशयास्पद असते. दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रकृतीची. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते, त्यात फ्लोराइड त्याच्याशी संयोग पावून खाली बसते. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट अधिक, त्यात ते विरघळलेलेच राहते. असे पाणी मृदू असते, त्यात डाळ चटकन शिजते आणि साबणाला फेस येतो. त्यामुळे गावात जो हापसा 'चांगल्या पाण्याचा' म्हणून नावाजलेला, तोच कधी कधी अधिक घातक निघतो. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, आणि या प्रमाणात चवही नाही. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते. गाळण्याच्या साध्या मेणबत्तीचाही त्याच्यावर काही उपाय चालत नाही.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे आणि या कातळात फ्लोराइड तुलनेने कमी आढळते. पण राज्याच्या पूर्व व आग्नेय बाजूला कातळाचे हे आच्छादन संपते किंवा पातळ होते आणि जुने खडक वर येतात. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याकडचा भाग, नांदेडमधील किनवटचा परिसर आणि चंद्रपूर जिल्हा यांची नावे या संदर्भात वारंवार येतात. हा कोलाम, गोंड आदी आदिवासींचा, कोरडवाहू कापसाचा आणि शेतमजुरांचा मुलूख आहे. भूगर्भाच्या नकाशावर गरिबीचा नकाशा ठेवून पाहिला, तर रोग कोठे दिसेल याचे उत्तर निम्मे मिळते.

सरासरी माणूस आणि उन्हातला माणूस

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. मात्र हवामान आणि माणूस पीत असलेल्या पाण्याचे प्रमाण पाहून प्रत्येक देशाने आपली मर्यादा ठरवावी, असे त्या संघटनेनेच बजावलेले आहे. ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडांवर परिणाम दिसू लागतो आणि १० च्या पुढे माणूस पंगू होण्याचा धोका असतो.

हे आकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरा बारकाईने वाचले पाहिजेत, कारण 'सरासरी' या शब्दाच्या पोटात वर्ग लपलेला असतो. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात १.५ मिलिग्रॅमच्या पाण्यातून ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. वैशाखात विदर्भाच्या उन्हात नांगरटीला, रोजगार हमीच्या खोदकामाला किंवा वीटभट्टीवर राबणारा माणूस पाच लिटर पाणी प्यायला, तर तेच पाणी त्याला साडेसात मिलिग्रॅम देते. पाणी एकच, मानक एकच. पण पंख्याखाली बसणाऱ्याला जे पाणी नियमात बसते, ते राबणाऱ्याला अडीचपट डोस देते.

दुसरा फरक ताटातला. आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसे असेल तर फ्लोराइडचा मारा काही अंशी सोसतो. ते नसेल तर तोच मारा हाडापर्यंत जातो. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी नलगोंडा भागात तरुण मुलांचे गुडघे आत वळून पाय वाकडे झाल्याचे आणि हाडे ठिसूळ झाल्याचे नोंदविले, तेव्हा त्यांनाही केवळ पाण्याकडे पाहून भागले नाही. त्या मुलांच्या ज्वारीप्रधान आहाराचा विचार करावा लागला. एकाच हापशाचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी ज्या घरात दूध आहे त्या घरातली हाडे अधिक तग धरतात, हे वैद्यकाइतकेच समाजशास्त्राचेही सत्य आहे.

नलगोंड्याचा धडा

भारतात या रोगाची वैद्यकीय नोंद १९३७ मध्ये झाली, ती मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात. १९५५ मध्ये त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्याचा अहवाल ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा तोच नलगोंडा, जेथे १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला. आणि आपला नांदेडही १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता. म्हणजे रोग कळून येऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अज्ञानाची सबब येथे उरलेली नाही.

उपायही कळलेला होता, आणि तो शोधला आपल्या नागपूरने. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, सत्तरीच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविण्याची पद्धत विकसित केली. तिचे नावच 'नलगोंडा पद्धत' पडले आणि ते टांझानिया, इथिओपियापर्यंत पोहोचले. बाजारात सहज मिळणारी द्रव्ये, विजेचीही फारशी गरज नाही; गरीब देशातील शास्त्रज्ञांनी गरीब माणसासाठी केलेले हे काम अभिमानास्पद होते. सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळण्या त्यानंतर आल्या आणि पुढे आरओची यंत्रे आली.

मग रोग का हटला नाही? रसायनशास्त्र चुकले म्हणून नव्हे. तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता पाहून ठरवावे लागते. ती कमी पडली तर फ्लोराइड राहते, अधिक झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते. खाली बसलेला गाळ रोज काढून सुरक्षित जागी टाकावा लागतो. ॲल्युमिनाची गाळणी काही काळाने निकामी होते आणि आम्ल व कॉस्टिक सोडा वापरून ती पुन्हा कामाला लावावी लागते. आरओचे यंत्र पाण्याचा मोठा हिस्सा वाया घालविते, आणि त्या वाया गेलेल्या पाण्यात फ्लोराइड अधिकच दाट झालेले असते. थोडक्यात, यंत्र बसविणे हा एका दिवसाचा समारंभ आहे. ते चालविणे हे रोजचे काम आहे. आपल्या नियोजनात समारंभासाठी भांडवली तरतूद असते. रोजच्या कामाला पगार नसतो. ज्या ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वसूल होत नाही आणि जिच्या शिपायाचा पगार थकलेला आहे, तिच्या माथी रासायनिक प्रक्रियेचे यंत्र मारून मंत्री परत जातात. वर्षभराने त्या यंत्राच्या खोलीला कुलूप असते आणि बायका पुन्हा जुन्या हापशावर असतात. भांडवली खर्च वरून येतो आणि आवर्ती खर्च खाली ढकलला जातो, हे आपल्या ग्रामीण विकासाचे जुने दुखणे आहे. फ्लोराइडने ते फक्त हाडांवर लिहून दाखविले.

नलगोंड्याच्या लोकांनी याचे उत्तर राजकीय भाषेत दिले. नागार्जुनसागराचे प्रचंड धरण त्यांच्या जिल्ह्याच्या सीमेवर उभे होते, १९६७ मध्ये त्याच्या कालव्यांना पाणी सुटले होते, पण मुनुगोडे, मर्रिगुडासारखा उंचवट्याचा भाग कोरडाच राहिला होता आणि बोअरचे पाणी पीत होता. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत जलसाधन समितीच्या हाकेसरशी तेथे शेकडो शेतकऱ्यांनी उमेदवारी अर्ज भरले. एका जागेसाठी ४८० उमेदवार! नेहमीच्या मतपत्रिकेत ती नावे मावणे शक्यच नव्हते. मतदान पुढे ढकलावे लागले. त्याच निवडणुकीत बेळगावात मराठी भाषकांनी ४५६ उमेदवार उभे केले होते, हे महाराष्ट्राला आठवत असेल. बेळगावची कथा येथे घरोघरी पोहोचली; त्याच हत्याराने नलगोंड्याने पिण्याचे पाणी मागितले, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेच्या सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. उमेदवारांच्या गर्दीवरचा इलाज असा तत्परतेने सापडला. पाण्यावरचा मात्र आणखी वीस वर्षे रेंगाळला.

तेलंगण राज्य झाल्यावर 'मिशन भगीरथ' या योजनेने नद्या व धरणांचे पाणी नळाने गावोगाव नेले. २०२० मध्ये फ्लोराइडग्रस्त वस्त्यांची संख्या शून्यावर आल्याचे सांगण्यात आले. शासकीय दाव्यातून नेहमीची वजावट केली, तरी एवढे खरे की सार्वजनिक इच्छाशक्ती आणि सार्वजनिक पैसा एकत्र आल्यावर स्रोतच बदलता आला. मात्र वाकलेली हाडे सरळ होत नाहीत. अस्थि-फ्लोरोसिसला पूर्ण बरे करणारे औषध नाही. उशिराची किंमत माणसांनी आपल्या देहांनी मोजलेली आहे, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

माहिती ही सार्वजनिक मालमत्ता

नळाचे मोठे पाणी येईपर्यंत काय करावयाचे? येथे दोन दूरच्या ठिकाणांचे अनुभव उपयोगी पडतात.

पहिला अमेरिकेतला. आयडाहो राज्यातील ओकली या छोट्या गावात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडू लागले. गावाने दूरच्या एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यानंतरच हे सुरू झाले, असे मुलांच्या आयांनी दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना सांगितले. मॅके यांना पाण्याच्या तपासणीत काही वावगे सापडले नाही. तरी त्यांनी तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. गावाने १९२५ मध्ये तो मानला आणि काही वर्षांतच नव्या मुलांचे दात स्वच्छ उगवू लागले. डागांचे कारण फ्लोराइड आहे हे विज्ञानाला समजले १९३१ मध्ये! आयांचे निरीक्षण प्रयोगशाळेच्या सहा वर्षे पुढे होते, आणि गावाने संपूर्ण पुराव्याची वाट न पाहता कृती केली.

दुसरा अनुभव बंगालचा, आणि तेथील विष निराळे, म्हणजे आर्सेनिक. परंतु गोष्ट तीच आहे. बांगलादेशात पटकीपासून वाचविण्यासाठी लक्षावधी नळविहिरी खोदल्या गेल्या. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी आर्सेनिकबाधित रुग्ण ओळखले होते. बांगलादेशात ते १९९३ मध्ये निश्चित झाले. पुढे १९९९ ते २००३ या काळात त्या गरीब देशाने सुमारे ५० लाख विहिरींची चाचणी केली. त्या देशाच्या मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असलेल्या विहिरी शंभरांत २९ निघाल्या. त्या लाल रंगाने रंगविल्या, सुरक्षित विहिरी हिरव्या. शेजारशेजारच्या दोन विहिरींतील पाणी निरनिराळे असते, म्हणून प्रत्येक विहिरीचा निकाल तिच्याच अंगावर लिहिणे आवश्यक होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे दिसले की, आपली विहीर असुरक्षित आहे हे कळल्यामुळे वर्षभरात दुसरी विहीर धरण्याची शक्यता शेकडा ३७ अंकांनी वाढते. अशिक्षित माणूस बदलत नाही, ही मध्यमवर्गाची आवडती समजूत येथे पार कोसळते. माहिती मिळाली की माणूस बदलतो. प्रश्न आहे तो माहिती देण्याचा.

पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडा विसरता कामा नये. ज्यांनी विहीर बदलली त्यांचा पाणी आणण्याचा वेळ पंधरापट झाला. हा वेळ कोणाचा? अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो 'कुटुंबाचा' असतो. प्रत्यक्षात तो बाईचा आणि शाळा बुडविणाऱ्या मुलीचा असतो. म्हणून 'माहिती दिली, आता लोकांनी पाहून घ्यावे' असे म्हणून शासनाला मोकळे होता येणार नाही. लाल रंगाच्या हापशाजवळच हिरव्या रंगाचा नळ उभा करणे हे दुसरे पाऊल आहे, आणि ते पहिल्याइतकेच अनिवार्य आहे.

फ्लोराइडच्या बाबतीत तर निसर्गाने चाचणीचे एक साधन फुकट दिले आहे. मुलांच्या दातांवरचे आवरण आयुष्याच्या पहिल्या आठ-एक वर्षांत घडते आणि त्या काळातील पाण्याची नोंद कायमची दातांवर उमटते. प्राथमिक शाळेत वर्षातून एकदा सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचे दात पाहिले, तर कोणत्या वस्तीच्या पाण्यात दोष आहे हे कळण्यास तज्ज्ञ समिती लागत नाही. २००८-०९ पासून राष्ट्रीय फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम आहे. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावी पाच स्त्रियांना पाणीचाचणीचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. तरतुदींचा दुष्काळ नाही. दातांची नोंद आरोग्य खात्याकडे, पाण्याची नोंद पाणीपुरवठा खात्याकडे आणि बोअरची नोंद भूजल यंत्रणेकडे, ही विभागणी मोडणे आवश्यक आहे. तिन्ही नोंदी ग्रामपंचायतीच्या एकाच फळ्यावर आल्या, तर ग्रामसभा जागी होईल.

दहा लिटरांचा प्रश्न

खर्चाचे कारण नेहमी पुढे केले जाते, म्हणून थोडा हिशेब. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. फ्लोराइड त्वचेतून शरीरात जात नाही. धुण्याभांड्यांना, अंघोळीला, गुरांच्या गोठा धुण्याला त्या पाण्याची हरकत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते ते माणशी ८ ते १० लिटर. हजार वस्तीच्या गावाला ५५ हजार लिटर लागत असले, तरी फ्लोराइडमुक्त पाणी लागते ते १० हजार लिटरच. नळाचे दूरचे पाणी येईपर्यंत एवढे पाणी एखाद्या सुरक्षित उथळ विहिरीतून, शाळेच्या छपरावरील पावसाच्या पाण्यातून किंवा नीट चालविलेल्या सामुदायिक संयंत्रातून देणे कोणत्याही राज्याला अशक्य नाही. विहिरीचे पाणी दिले तर त्यात औषध टाकावेच लागेल, नाहीतर एक रोग टाळताना दुसरा दारात येईल.

राज्य हे करीत नाही तेव्हा बाजार ते करतो. खेड्यापाड्यांत आज वीस लिटरचे जार आणि नाणे टाकून पाणी देणारी 'एटीएम' दिसतात. ज्याच्या हाती रोज नाणे आहे, त्याचे दात वाचतात. ज्या आठवड्यात मजुरी मिळाली नाही, त्या आठवड्यात मजुराचे घर पुन्हा हापशावर जाते. फ्लोराइड हाडांत साठत जाणारे आहे. अधूनमधून विकत घेतलेल्या शुद्धतेने त्याची साठवण थांबत नाही. रोगाच्या नियंत्रणाला सातत्य लागते, आणि क्रयशक्तीवर आधारलेल्या बाजारात गरिबाला नेमके सातत्यच विकत मिळत नाही. पिण्याचे दहा लिटर पाणी ही वस्तू बाजारावर सोडता येणार नाही, ते यासाठी.

आणखी एक मूलभूत प्रश्न आहे. बोअर इतके खोल का जातात? पिण्याचे पाणी खाली गेले म्हणून. आणि ते खाली गेले, कारण उसाला, केळीला, संत्र्याला, द्राक्षाला उपसा अमर्याद झाला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की, ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. ज्याच्याकडे भांडवल आहे तो खोल जातो, शेजाऱ्याची विहीर आटते, गावाची विहीर आटते, आणि मग गावासाठीही खोल बोअर पाडावा लागतो. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी केली. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. कायदे चांगले आहेत. पण ६० मीटरच्या खाली गेलेल्या बोअरगाडीला कोणत्या तलाठ्याने अडविले, हे कोणत्याही गावात विचारून पाहावे. उथळ पाणी राखणे हे दुष्काळ निवारणाचे काम म्हणून ओळखले जाते. फ्लोराइडच्या मुलखात ते हाडे वाचविण्याचेही काम आहे.

मागण्या कोणत्या असाव्यात

या विवेचनातून ज्या मागण्या निघतात त्या साध्या आहेत आणि कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला आपल्या तालुक्यात उभ्या करता येतील.

पहिली : प्रत्येक सार्वजनिक हापशाचे व विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तपासले जावे आणि निकाल त्या हापशावरच रंगाने व आकड्याने लिहिला जावा. निकाल दडविणे हा गुन्हा मानला जावा.

दुसरी : बाधित वस्तीतील प्रत्येक माणसाला पिण्या-स्वयंपाकाचे दहा लिटर निर्दोष पाणी घरापासून थोड्या पावलांवर, विनामूल्य मिळावे. संयंत्र असेल तर ते चालविणाऱ्या व्यक्तीचा पगार, द्रव्ये आणि गाळाची विल्हेवाट यांचा आवर्ती खर्च राज्याने उचलावा.

तिसरी : अशा गावांच्या अंगणवाडीत व शाळेत दूध, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या, पेरू, आवळा यांना आहारात पक्के स्थान द्यावे. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा ही गरिबाची भाजीही कॅल्शियमने समृद्ध आहे. चिंच खाल्ल्याने लघवीवाटे अधिक फ्लोराइड बाहेर पडते असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात २००२ मध्ये दिसून आले. हे उपाय पाण्याला पर्याय नव्हेत. पाणी बदलेपर्यंतची ढाल आहेत.

चौथी : जे आधीच पंगू झाले, त्यांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि निवृत्तिवेतन विनासायास मिळावे. ही दया नव्हे. ज्या सार्वजनिक हापशाचे पाणी ते शासनावर विसंबून प्याले, त्या हापशाची जबाबदारी आहे.

पाचवी : पिण्याच्या पाण्याचा भूजलावरील पहिला हक्क कागदावरून जमिनीवर यावा, आणि उपशाला आळा घालण्याचा अधिकार ग्रामसभेला प्रत्यक्षात वापरता यावा.

मित्रहो, फ्लोराइड निसर्गाने खडकात ठेवले, हे खरे. त्यावर कोणाला खटला भरता येणार नाही. मात्र ते कोणाच्या घागरीत जाईल, किती वर्षे जाईल, आणि ते जात आहे हे कोणाला कळेल आणि कोणाला कळणार नाही, हे निसर्ग ठरवीत नाही. 'नैसर्गिक' या शब्दाआड अनेक सामाजिक अन्याय आजवर निवांत झोपलेले आहेत. दुष्काळ नैसर्गिक, भूक नैसर्गिक, आणि आता वाकलेली पाठही नैसर्गिक! भूक ही अन्नाच्या वाटपाचा प्रश्न आहे, हे या देशातील चळवळींनी मोठ्या कष्टाने पटवून दिले. निर्दोष पाण्याविषयी तेच पटवून देण्याचे काम अजून बाकी आहे. त्याचा प्रारंभ येत्या ग्रामसभेत एका साध्या प्रश्नाने होऊ शकतो : आपल्या हापशाच्या पाण्यात काय आहे, आणि ते हापशावर लिहिलेले का नाही?